माझ्या साडूच्या चुका

चुका कराव्यात तर माझ्या साडूनेच. सुरगाण्याच्या घाटापासून निफाडच्या उसापर्यंत, अख्ख्या नाशिक जिल्ह्यात इतक्या ठामपणे, इतक्या चारचौघांत आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने चुकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तुम्ही-आम्ही काही चुकीचं बोललो तर लोक हसतात, निदान बायको तरी दुसरीकडे बघते. हा चुकला की लोक खुर्ची पुढे ओढतात. त्याला समजावून सांगतात, समजावता समजावता चहा मागवतात, आणि निघताना 'या हो पुन्हा' म्हणत दारापर्यंत सोडायला येतात. मी जन्मभर बरोबर बोलत आलो. बरोबर बोलल्याबद्दल मला आजवर कोणी अर्धा कप चहा पाजलेला नाही. ही काही मी तक्रार करत नाही, असं म्हणणार होतो. पण उगाच खोटं कशाला बोलू, तक्रारच करतोय.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. निफाडजवळच्या सासरच्या घरात मी बरीच वर्षं एकुलता एक जावई होतो आणि ते पद मी चांगलं सांभाळलं होतं. तव्यावरची पहिली पोळी माझ्या ताटात पडायची. सासरे मोजकं बोलणारे, पण जे काय दोन शब्द बोलायचे ते माझ्याशी. मग हा आला. पहिल्याच दिवाळसणाला पाटावर बसल्या बसल्या म्हणतो, "मामा, खोडव्याचा ऊस लागणीच्या उसापेक्षा उशिरा तयार होतो, नाही का?" खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. तो लवकर तयार होतो हे निफाडात पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. मला असं हसू आलं की घास गिळवेना. पण सासरे हसले नाहीत. ते पानावरून उठले, कसाबसा हात धुतला आणि ह्याला घेऊन थेट मळ्यात गेले. जाताना बोलत होते, मळ्यात बोलत होते, येतानाही बोलतच आले. इतकं बोलणं त्या माणसाच्या पोटात होतं हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी आपला ओसरीवर सुपारी कातरत एकटा बसून होतो.

सासूबाईंच्या अनारशांचं तसंच झालं. त्यांच्या हातचा अनारसा तोंडात टाकला की विरघळायचा, आणि कसा करतात ते त्यांनी पोटच्या पोरींनाही कधी सांगितलं नव्हतं. पिठात गूळ घालायची वेळ आली की एकीला दळणाला पिटाळायच्या आणि दुसरीला देवळात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा बाणा, आणि मला तो फार पटायचा. अधिक महिन्यात दोन्ही जावयांना वाण द्यायला बोलावलं होतं. साडूने अनारसा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाला, "आई, तांदूळ तासभर भिजवला की होतं ना हे? आमच्याकडे तासाभरातच उपसतात." सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "तासाभरात?" असं एवढंच म्हणाल्या, पण त्या एका शब्दात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होता. मग तीन दिवस भिजवणं, रोजचं पाणी बदलणं, सावलीतलं वाळवणं, पिठात किती ओल राहिली म्हणजे गूळ घालायचा, तो मुठीत दाबून कसा बघायचा, सगळं सांगितलं. दारात माझी बायको आणि मेव्हणी दोघी तोंडात पदर धरून उभ्या. परत येताना मी गाडीत म्हणालो की किती अडाणी माणूस आहे हा. ही म्हणाली, "असेल. पण मला आज अनारसा आला."

हे सासुरवाडीपुरतं राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण हा गृहस्थ अंबडच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून आमच्याच कंपनीत आला. दिंडोरी भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी मिळून काढलेली ही कंपनी. द्राक्षं गोळा करायची, निवडून डब्यांत भरायची, गारठवायची आणि बोटीने परदेशी धाडायची. त्यातलं गारठवण्याचं खातं माझं. शीतगृहात माझी हयात गेली. तिथली कुठली मोटर कुठल्या आवाजात रडते, कुठला दरवाजा अर्धा इंच उघडा राहतो, बागेतून आलेला माल किती तापलेला आहे, हे मला अंगाला हवा लागली तरी कळतं. आणि हे दुसऱ्या कोणाला कळत नसल्यामुळे मला फोन येत. हंगामात मी जेवायला बसलो रे बसलो की फोन. मी कपाळाला आठ्या घालून, बायकोला ऐकू जाईल असं म्हणायचो, "एक घास सुखाने खाऊ देत नाहीत लेकाचे." ही आमटी पुन्हा गरम करायला उचलून न्यायची आणि गालातल्या गालात हसायची, कारण मी फोन नेहमी ताटाच्या उजव्या बाजूला, उताणा ठेवत असे. खरं सांगतो, पगार बेताचा होता, बढती कधी झाली नाही, पण आपल्याला विचारल्यावाचून लोकांचं अडतं, या एका गोष्टीवर माझं चाललं होतं. दुसरं काही मला नको होतं.

आणि नेमकं तेच घालवायला साडू आला. त्याला नेमलं होतं माहिती विभागाचा प्रमुख म्हणून. कंपनीत जो-जो जे-जे जाणतो ते एका ठिकाणी जमा करायचं, म्हणजे कोणी रजेवर गेलं, कोणी निवृत्त झालं तरी काम थांबायला नको, ही त्याची कल्पना. त्यासाठी त्याने संगणकावर एक व्यवस्था उभी केली आणि तिचं नाव ठेवलं 'कोठी'. मोबाइलवरही उघडायची. कोणीही त्यात नोंद लिहावी, दुसऱ्याने ती दुरुस्त करावी, आणि ज्याने जे सांगितलं त्याचं नाव खाली यावं. त्याने सगळ्यांना जमवून हे समजावून दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, वडे खाल्ले आणि आपापल्या कामाला गेले. कोठी रिकामी ती रिकामीच.

रिकामी राहणारच होती. आमच्याकडचा द्राक्षवाला कोणतं औषध फवारलं हे सख्ख्या भावाला सांगत नाही. औषधाची रिकामी बाटलीसुद्धा बांधावर टाकत नाही, शेजाऱ्याला नाव दिसेल म्हणून. हे लोक मोबाइलवर बोटं चालवून आपलं शहाणपण कंपनीला दान करतील, असं ज्याला वाटलं त्याच्या भोळेपणाला काय म्हणावं? मी तर पहिल्याच दिवशी ठरवलं की आपण एक अक्षर लिहायचं नाही. साडू माझ्या केबिनमध्ये आला, समोर बसला आणि म्हणाला, "साडूभाऊ, तुमचं काहीतरी येऊ द्या ना कोठीत." मी म्हणालो, माझं सगळं अनुभवाचं आहे, ते लिहिता येत नाही. त्याने मान हलवली, भिंतीवरच्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं, काटा चुकीचा वाचला आणि गेला.

तेव्हापासून त्याने स्वतःच कोठीत लिहायला सुरुवात केली, आणि काय लिहिलं म्हणता? पहिली नोंद अशी की द्राक्षं पहाटे दव असतानाच तोडावीत म्हणजे टवटवीत राहतात. ओल्या मण्याला बुरशी लागते आणि डबाच्या डबा जातो हे ज्याला ठाऊक नाही त्याने द्राक्षाच्या कंपनीत पाय ठेवू नये. ही नोंद कोणीतरी कोणाला दाखवली, त्याने आणखी कोणाला, आणि दुपारी दिंडोरीकडचा एक बागायतदार फवारणी अर्धवट टाकून, अंगाला औषधाचा वास घेऊन मोटरसायकलवर कंपनीत हजर. "कोणी लिवलं हे? लय मोठं पाप हाय हे, साहेब," म्हणाला. रिकामी बाटली लपवणाऱ्यांतला तो सगळ्यात पक्का. त्याला साडूने समोर बसवलं, स्वतःचा कान पकडला आणि म्हटलं की मला काही कळत नाही बुवा, तुम्हीच सांगा. तो माणूस चार वाजेपर्यंत सांगत होता. दव कसं ओळखायचं, तोडायला कधी हात घालायचा, क्रेट उन्हात का ठेवायचा नाही. साडू टाइप करत होता. शेवटी खाली त्याचं नाव आलं, तेव्हा तो ते मोबाइलवर दोनदा मोठं करून बघून गेला. मग त्याच्या शेजाऱ्याला पोटदुखी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो आला.

मी हे सगळं काचेतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो की माणसाची काय ही शोभा. वरिष्ठ पदावर बसायचं, टाय लावायचा आणि रोज कोणाकडून तरी अक्कल काढून घ्यायची. एकदा मीटिंगमध्ये अध्यक्षांनी त्याला काहीतरी विचारलं, तर म्हणाला, "मला माहीत नाही. पण कोणाला माहीत आहे ते मला माहीत आहे." हे काय उत्तर झालं? मी असं म्हटलं असतं तर मला घरी बसवलं असतं. अध्यक्षांनी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि तो कसा वागायचा बघा. ड्रायव्हरशी बोलायला गेला की ओझरला जायचा रस्ता चुकीचा सांगायचा. कॅन्टीनमध्ये आचाऱ्याला म्हणायचा, मिसळीच्या रश्शाला तर्री यावी म्हणून शेवटी कच्चं तेल ओततात ना. आचारी झारा घेऊनच बाहेर यायचा, आणि त्या दिवसापासून ह्याच्या वाटीत तर्री जास्त. मी त्याच कॅन्टीनमध्ये वीस वर्षं जेवतोय. आमच्या वाटीत मटकी शोधावी लागते.

आणि मग एका सकाळी त्याने माझ्या खात्यात हात घातला. मी सहज, म्हणजे तो आज काय दिवे लावतोय ते बघायला, कोठी उघडली. तर नोंद: 'द्राक्षाच्या डब्यात गंधकाचा कागद आधी ठेवावा आणि मग डबा गारठवायला न्यावा, त्यामुळे वेळ वाचतो.' चहाचा कप मी तसाच बाजूला सारला. हा गंधकाचा कागद डब्यात ठेवतात तो बुरशी लागू नये म्हणून. ओल मिळाली की तो वायू सोडतो. गरम माल कागदासकट गारठवायला ठेवला की आत घाम सुटतो, कागद एकदम पेटून उठल्यासारखा वायू सोडतो आणि मणी देठाकडून पांढरे पडतात. म्हणून आधी माल गारठवायचा, मगच कागद ठेवायचा, मगच पिशवी मिटायची. हे अक्षर अन् अक्षर मी त्या दिवशी लिहिलं. एका अक्षराचीही भर न घालण्याची शपथ होती माझी, पण इथे शपथ पाळायची की कंटेनर वाचवायचा? लिहायला बसलो तो दुपार झाली. कागदावरून मी पंख्याच्या दिशेवर गेलो, पंख्यावरून डब्यांच्या थप्पीतल्या मोकळ्या जागेवर, तिथून दरवाज्यांवर. मन अगदी हलकं झालं. साडू आला, डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "साडूभाऊ, वाचवलंत." मी म्हणालो, "वाचत जा जरा." संध्याकाळी घरी येताना गंगापूर रोडवर थांबून पेढे घेतले. हिने विचारलं कशाबद्दल, तर मी म्हणालो, सत्याबद्दल.

त्यानंतर तर चुकांची रांगच लागली. गोडी तपासायला घडाच्या वरचा मणी चाखावा, असं त्याने लिहिलं. खालच्या टोकाचा मणी सगळ्यात शेवटी गोड होतो, चाखायचा तोच, हे मी लिहिलं. लाइट गेली की शीतगृहाचा दरवाजा उघडून आत ठीक आहे ना ते बघावं, असं त्याने लिहिलं, आणि त्यावर मी जे लिहिलं ते अध्यक्षांनी छापून भिंतीवर लावलं. सकाळी पेपरच्या आधी मी कोठी उघडू लागलो. साडू रोज चुकायचा आणि मी रोज जिंकायचो. हंगाम असा सुखात गेला की विचारू नका. हिने एकदा हळूच विचारलं की तुम्हाला हल्ली जेवताना फोन येत नाहीत का. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमटी गरम होती, भात गरम होता, फोन उताणा पडला होता आणि गप्प होता. का येईल फोन? ज्याला जे विचारायचं ते कोठीत होतं, माझ्याच शब्दांत, खाली माझंच नाव. माझ्यावाचून अडायचं ते अडेनासं झालं होतं. मी त्या रात्री भात अर्धा टाकला. ही म्हणाली मीठ जास्त झालं का. मी हो म्हणालो.

मग वार्षिक सभा झाली. त्या हंगामात एकही कंटेनर परत आला नव्हता आणि साडूला शाल-श्रीफळ मिळालं. व्यासपीठावर उभा राहून हा म्हणतो, "या कोठीतली एकही ओळ माझी नाही. माझ्या फक्त चुका आहेत." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मंडप हलला. आता मला सांगा, यातल्या सगळ्यात जास्त ओळी कोणाच्या? माझ्या. त्याने माझं नावही घेतलं, उभं राहायला लावलं, लोकांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. पण त्या टाळ्या, काय सांगू, त्याच्या टाळ्यांतून उरलेल्या होत्या. नम्रपणाचंसुद्धा ह्याला बक्षीस मिळतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि शाल त्याच्या खांद्यावर दिसतही चांगली होती, हे आणखी एक दुखणं.

अशा माणसाने एक दिवस नोकरी सोडली. निवृत्तीला अवकाश होता, पण सुरगाण्याकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटाने बोलावलं म्हणून तिकडच्या एका पाड्यावर जाऊन राहिला. नागली म्हणजे आपली नाचणी, भात, स्ट्रॉबेरी, कोणाला काय ठाऊक आहे ते जमवणार म्हणे. तिथे धड रेंज नाही. फोन करायचा तर टेकडी चढून यावं लागतं. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्याच्या जागी पुण्याहून एक मॅडम आल्या. हुशार, कामसू. त्यांनी नोंदी लिहिणाऱ्याला गुण ठेवले, गुणांवर कूपन ठेवली. लोक रोज सकाळी कोठीत 'शुभ सकाळ' लिहून गुण घेऊ लागले. कामाचं कोणी लिहीना. नवं वाण आलं, नवं यंत्र आलं, कोठीत त्याचा पत्ता नाही. मॅडमनी मला विचारलं की तुमचे साडू नेमकं काय करत होते. मी म्हणालो, काही नाही, चुका करत होते. त्या हसल्या. मीही हसलो. पण सकाळी कोठी उघडायचो ती आता उघडीनासा झालो, कारण तिच्यात राग यावा असं काही सापडत नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी आमरसाचं जेवण असतं. मेव्हणी एकटीच आली; साडू पाड्यावर स्ट्रॉबेरीच्या नादात. जेवण झाल्यावर मी तिला छेडायला म्हणालो की तुझ्या नवऱ्याच्या चुका आता तिकडे कोण निस्तरतं. ती आंब्याच्या कोयी गोळा करत होती. हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दाजी, तुम्हाला खरंच कळलं नाही?" मग तिने सांगितलं. नुसतं विचारलं तर कोणी सांगत नाही, पण चुकीचं ऐकवलं की माणसाला राहवत नाही, ही त्याची पहिल्यापासूनची रीत. सासऱ्यांशी तेच, सासूबाईंशी तेच. "आणि तुमच्यासाठीची चूक तर सगळ्यात अवघड असायची त्यांना. आधी चार ठिकाणी फिरून खरं काय ते शिकायचे, मग चूक रचायला बसायचे. मला वाचून दाखवायचे. म्हणायचे, ही फार मोठी झाली, हिला साडूभाऊ नुसते हसतील आणि सोडून देतील. चूक अशी पाहिजे की त्यांना जेवण गेलं नाही पाहिजे. म्हणायचे, त्यांच्याइतकं कोणाला येत नाही, आणि ते कोणाला कळतच नाही."

मला प्रथम असा संताप आला म्हणता. ह्या माणसाने मला गोड बोलून, छे, गोडसुद्धा न बोलता, उसासारखा चरकात घातला. माझा फोन माझ्याच हाताने बंद करवला. आणि वर मी पेढे आणले. निफाडहून नाशिकला येईपर्यंत मी गाडीचे गिअर आपटत होतो. काय झालं, असं हिने विचारलंही नाही. तिला बहिणीने आधीच सांगितलं असावं. पण द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा दुसरंच मनात आलं. मला कशाचा राग येतो, किती येतो, कुठल्या शब्दाने येतो, याचा इतका अभ्यास माझा कोणी केला होता? आईबापांनी नाही, साहेबांनी नाही, हिने थोडाफार केला असेल. मी ज्याच्यावर इतकी वर्षं जळत होतो तो रोज संध्याकाळी बसून माझाच विचार करत होता. हॉर्न वाजायला लागले तेव्हा हिरवा कधी झाला ते कळलं नाही.

आता खरी गंमत सांगतो. मला त्याच्याशी बोलायचं होतं, आणि सरळ फोन करून 'तुझी आठवण येते' असं म्हणणं माझ्याच्याने या जन्मी होणार नाही. म्हणून मी एक चूक करायचं ठरवलं. सोपं नसतं हो ते. आयुष्यभर बरोबर असलेल्या माणसाने चुकायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची तेच कळेना. चूक रचायला आधी खरं माहीत हवं. छाटणीची कामं आटोपून पावसाच्या आधी गावाकडे निघालेली सुरगाण्याची माणसं दिंडोरी नाक्यावर जीपची वाट बघत बसली होती, त्यांच्यात जाऊन मी उकिडवा बसलो आणि नागलीचं विचारलं. आपणहून कोणाला काही विचारायची माझी ही पहिलीच वेळ. त्यांनी हसत हसत सांगितलं की आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात, त्यावर रोपं करायची, आणि मग भर पावसात डोंगरउतारावर लावायची. घरी येऊन मी दोन कागद फाडले आणि शेवटी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: 'नागलीला लावणीची कटकट नसते, गव्हासारखी पेरून मोकळं व्हायचं, सुरगाण्यात सगळे असंच करतात.' 'सगळे असंच करतात' हे वाचून त्याला जेवण जाणार नाही, अशी माझी खात्री होती.

लोकांनी अंगठे दाखवले. एका मावसभावाने 'उपयुक्त माहिती' असं लिहिलं. सासऱ्यांनी नमस्काराचे हात टाकले. सुरगाण्याहून काही नाही. मी वाट बघत राहिलो, हिला दाखवलं नाही पण हिला दिसत होतं. आणि एका दुपारी, ताटावर बसलो असताना, फोन आला. वाऱ्याचा नुसता घोंघाट ऐकू येत होता आणि त्यात त्याचा दमलेला आवाज. गुडघा कसा आहे, विचारलं. ह्या वर्षी माल कसा गेला, विचारलं. मॅडम कशा आहेत, सासऱ्यांचा मोतीबिंदू काढला का, कॅन्टीनचा आचारी आहे की गेला, सगळं विचारलं. नागलीचं नाव नाही. मी थांबलो, आणखी थांबलो. शेवटी मलाच राहवेना.

मी म्हणालो, "अरे, नागली पेरत नाहीत. लावतात."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच तर टेकडी चढून आलो."

ही आमटीचं पातेलं हातात घेऊन उभी होती. मग तो म्हणाला, "साडूभाऊ, इथे स्ट्रॉबेरी गारठवायला एक खोली बांधायची आहे. लाइटचा भरवसा नाही. दरवाजा कुठल्या बाजूला घेऊ, काही कळत नाही. ह्या वेळी खरंच माहीत नाही मला. सांगाल का?"

मी सांगितलं. दरवाजा, भिंतीची जाडी, लाइट गेली तर गारवा कसा राखायचा, फळ काढल्यावर सावलीत किती थांबवायचं, सगळं सांगितलं. आमटी दोनदा गरम झाली आणि दोनदा निवली. तो मध्ये फक्त 'हं' म्हणत होता. इतकं लांब बोलणं झालं पण तो एकदाही चुकला नाही, आणि फोन ठेवल्यावर मला त्याचं जरा वाईटच वाटलं.